डिझेलचा बोळा

"सांग की त्या म्हातारीला. म्या पुसलीय म्हणून सांग."

"काका, तुम्ही प्लीज गप्प बसा."

"गप कशापायी बसू? रामिरोचा हात न्हाई त्यात. गुरवारी म्या डिझेलच्या बोळ्यानं गाडीची अख्खी बाजू पुसलीय, शेपटीपासनं दारापातूर. सांग."

"हळू बोला जरा."

"हळू कशाला? हितं मराठी कळतंय कुणाला तुज्याबिगर?"

निमिषनं तोंडावरचा रंगाचा मास्क गळ्यात ओढला. क्युपर्टिनोत राहणारा, चिपच्या कंपनीत डिझाइन करणारा हा पुण्याचा पोरगा. तापला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आत्ता झाल्या होत्या.

"तुम्हाला इथे आणलं कोणी? मी. रेकमेंड कोणी केलं? मी. आता मीच जाऊन सांगू, की माझ्या माणसानं तीन वीकेंडची वाट लावली?"

"मग त्याला घालवणार व्हय?"

"तो गेला तर तुम्हाला काय त्रास आहे? दोन वर्षं त्याच्या नावानं खडे फोडताय तुम्ही."

हे मात्र खोटं नव्हतं.

सॅन होजेच्या पलीकडं, जिथं एके काळी जर्दाळू वाळत घालायचे, तिथल्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये ही बस उभी होती. बासष्ट नंबरची. पंचाहत्तर वर्षांमागं ती सॅन होजे-सनीव्हेल अशी लोकल फिरायची. मग कुणाच्या तरी मळ्यात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली. दहा-बारा माणसं शनिवार-रविवारी फुकट राबून तिला परत उभी करत होती. त्यांची म्होरकी डॉरिस. ऐंशीला टेकलेली, काठीसारखी ताठ म्हातारी. तिचा बाप ह्याच बासष्टवर ड्रायव्हर होता.

आणि जगन्नाथ शेवाळे, म्हणजे आपला जगूअण्णा, तिथं इंजिनाचा माणूस. एसटीच्या गारगोटी डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक. बायको वारल्यावर लेकीनं, नीनानं, सनीव्हेलला आणला. पहिल्या सहा महिन्यांत त्यानं लेकीचं भांडी धुवायचं मशीन दोनदा खोललं आणि अपार्टमेंटवाल्यांची तक्रारीची तीन पत्रं आणली. लेक म्हणाली, बाबा, एक तर तुम्ही कुठं तरी जा, नाही तर मी जाते. तेव्हा नीनाच्या ओळखीतल्या निमिषनं त्याला शेडवर आणलं. बंद पडलेलं इंजिन अण्णानं चार महिन्यांत चालू केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, असं ऐकून त्यानं कुठली नळी फुंकते ते सांगितलं. त्या दिवसापासून डॉरिसनं त्याला शेडची किल्ली दिली. अधल्यामधल्या वारी सिटीबसनं यायचं, एकट्यानं काम करायचं. अमेरिकेत अण्णाच्या खिशात स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती.

रामिरोशी त्याचं पहिल्या दिवसापासून वाकडं. दारं, काचा, रबर हे रामिरोचं खातं. मिशाळ, आडमुठा. त्याचा पाना अण्णानं न विचारता उचलला, तेव्हापासून तो पान्यांची पेटी कुलपात ठेवायचा आणि अण्णाला "अबुएलो" म्हणायचा. म्हणजे आजोबा, पण जिभेवर असा घोळवून, की शिवीच वाटावी. अण्णाही त्याला तोंडावर हसत हसत मराठीत काय काय म्हणायचा. त्याची भाषा ह्याला येत नव्हती, ह्याची त्याला. तरी एक शब्द वाया गेला नव्हता.

आणि आज सकाळी नीनानं सोडताना सांगितलं होतं, "बाबा, आज तरी कुणाशी भांडू नका."

शेडमध्ये पाय टाकला तर सगळी मंडळी बसच्या उजव्या बाजूला उभी. आदल्या संध्याकाळी, शनिवारी, मिणमिणत्या दिव्यात निमिषनं हिरव्या रंगाचा हात मारला होता. सकाळी बघतात तर मसुराएवढी गोल गोल भोकं. अंगावर गोवर उठावा तशी बाजू उठलेली. पत्र्याला तेल लागलं की रंग असा आकसतो. तेल म्हटल्यावर सगळ्यांची मान रामिरोकडं वळली, कारण दाराच्या रबराला तो तेलकट फवारा मारायचा, आणि रंगाच्या दिवसांत फवारा आणायचा नाही हा शेडचा नियम. डॉरिस आरडली-ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ज्यानं कुणी केलं असेल, त्यानं ह्या दारातनं परत आत यायचं नाही. पंधरा दिवसांवर गावाची मिरवणूक होती. बासष्ट नंबर पुढं चालणार, असं तिनं गावाला सांगून ठेवलं होतं.

रामिरो हात नाचवून नाही नाही म्हणत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

अण्णा भोकांकडं बघतच राहिला. गुरुवारी तो एकटाच होता. शुक्रवारी गावच्या हापिसातली माणसं गाडी बघायला येणार, हे त्याला ठाऊक होतं. आणि गारगोटीत रीत अशी, की साहेब तपासायला येणार म्हटलं की गाडी धुवायची आणि डिझेलच्या बोळ्यानं पुसून काढायची. गाडी कशी नवरीसारखी चमकते. इथं बाजूला रंगाआधीचा नुसता राखाडी प्रायमर, बघवत नव्हता. अण्णानं बोळा भिजवला आणि तासभर घासत बसला. चमकली. शुक्रवारपर्यंत सुकून परत मळकी झाली, ही गोष्ट वेगळी. रंगातलं त्याला काडीचं कळत नव्हतं. डेपोत रंगारी निराळा. तो रंगारी तेलकट हातानं कुणी जवळ आलं की आईबहिणीवरनं उठायचा, आणि अण्णा नि बाकीचे मेकॅनिक त्याला हसायचे. ते आत्ता आठवलं. आठवून उपयोग काय.

म्हणून त्यानं निमिषला कोपऱ्यात ओढला होता.

"हे बघा," निमिष दातांतल्या दातांत म्हणाला, "मी वरून थिनर मारतो, हलका घासतो, दुसरा कोट देतो. लपेल. मिरवणूक होऊन जाईल. विषय संपला."

"लपायचं न्हाई. म्या नुसतं पुसलं न्हाई, जिरवलंय. रिबिटांच्या खाली उतरलंय त्ये. गाडी उनात तापली का परत वर येतंय. मिरवणुकीत समद्या गावाम्होरं सालं निघत्याल."

"तुम्हाला रंगातलं काय कळतं?"

"काल कळत नव्हतं. आज कळलं."

"मी तुमच्यासाठी ट्रान्सलेट करणार नाही, काका. जा, तुम्हीच सांगा काय सांगायचंय ते."

अण्णानं त्याच्याकडं खालपासनं वरपर्यंत बघितलं. "लेका, तुला म्या हुशार समजत हुतो," म्हणाला, आणि वळला.

रामिरोबद्दल त्याला कळवळा आला होता, असं कुणी समजू नये. तो गेला असता तर अण्णानं मागनं हातही हलवला नसता. पण डेपोत कामाच्या कार्डावर मेकॅनिकचं नाव असायचं. गाडी घाटात बसली की कार्ड निघायचं आणि नाव वाचलं जायचं. चौतीस वर्षांत त्याचं बिघडलेलं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ही गाडी परत बिघडणार होती, आणि का बिघडली हे शेडमध्ये कुणाला कळणार नव्हतं.

त्यानं आपल्या पेटीतनं गुरुवारचा बोळा काढला. रंग तपासायला निमिष एक प्रायमर मारलेला पत्र्याचा तुकडा ठेवायचा, तो उचलला. सगळ्यांच्या मधोमध गेला. डिझेलच्या कॅनमध्ये बोळा बुडवला, तुकड्याची अर्धी बाजू पुसली, कोरड्या चिंधीनं टिपून घेतली. मग बोळा हातात धरून बसच्या शेपटीपासनं दारापर्यंत हवेत हात फिरवत चालत गेला, जसा गुरुवारी फिरवला होता तसा. परत आला आणि रंग मार म्हणून तुकडा निमिषपुढं धरला.

निमिषनं दोन्ही हात खिशात घातले.

रामिरोनं पुढं होऊन रंगाची गन उचलली. तुकड्यावर एक हात मारला. कोऱ्या बाजूला रंग सपाट बसला. पुसलेल्या बाजूला बघता बघता भोकं उघडली.

रामिरोनं तुकडा अण्णाच्या पायाशी भिरकावला आणि मिनिटभर बोलला. त्यातलं "अबुएलो" तेवढं अण्णाला कळलं, बाकीचं अंदाजानं.

डॉरिसनं बोळा घेऊन नाकाशी धरला. मग निमिषला विचारलं, तुला माहीत होतं?

"पाच मिनिटांपूर्वी कळलं."

"पाच मिनिटं पुष्कळ झाली," ती म्हणाली. मग अण्णापुढं हात पसरला. भाषांतराची गरज नव्हती. अण्णानं खिशातनं किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

ती बराच वेळ बोलली. निमिषनं जमिनीकडं बघत सांगितलं, "मिरवणुकीत बस जाणार नाही. तिला गावाला फोन करायचाय, आणि तिला त्याची शरम वाटतेय. अख्खी बाजू पत्र्यापर्यंत घासून काढायची. हातानं, कारण मशीननं रिव्हेट्स झिजतात. ते तुम्ही करायचं, एकट्यानं. फक्त शनिवार-रविवारी, सगळे असताना. बाजू झाली की यायचं बंद. आणि रंगाजवळ उभं राहायचं नाही."

"इंजिन?"

"इंजिन दुसरं कुणी बघेल."

"कोन बघनार? तू?"

निमिषनं मास्क तोंडावर चढवला. "मला आता काही विचारू नका, काका. आणि घरी जायला माझ्या गाडीत बसू नका. नीनाला फोन करा."

"तुज्या गाडीचा पट्टा वाजतोय, ठावं हाय का? रस्त्यात तुटंल, मग बस बोंबलत."

निमिष निघून गेला.

अण्णानं बाह्या वर केल्या. रामिरोनं पाण्याची बादली आणून त्याच्यापुढं अशी आदळली, की अर्धं पाणी अण्णाच्या चपलांवर. वर पॉलिशपेपरची गड्डी टाकली. मग बसच्या शेपटीकडं, जिथं रिबिटं सगळ्यांत दाट होती, तिकडं हनुवटी उडवली. तिथनं सुरू कर.

"मलाबी दिसतंय, मिशाळा," अण्णा म्हणाला.

त्यानं बादली लाथेनं बाजूला सारली. आधी थिनरनं तेल काढायचं, पाणी नंतर. एवढं आता त्याला कळत होतं. थिनरचा डबा आणि कोरी चिंधी घेऊन तो शेपटीशी उकिडवा बसला आणि पहिल्या रिबिटाभोवती घासायला लागला. मागनं रामिरो बराच वेळ उभा राहून बघत होता, कुठं चुकतोय का म्हणून. अण्णानं मान वळवली नाही. एक रिबिट स्वच्छ झालं, दुसऱ्याला हात घातला.