मामांच्या पाठीमागची तारीख

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या हेडक्लार्कना सगळे ‘वेळापत्रकमामा’ म्हणत. बावीस वर्षांत त्यांची एक तारीख हलली नव्हती. पोटच्या पोरीचं लग्नसुद्धा त्यांनी तोंडी परीक्षा आटोपल्यावरच धरलं. व्याही दोनदा रुसले, पण मामा ढिम्म.

सत्राच्या सुरुवातीला रसायनशास्त्राची एक मुलगी त्यांना आपल्या धर्माची दिनदर्शिका देऊन गेली. त्या धर्माची उभ्या विद्यापीठात चारच मुलं. “मामा, आमच्या मोठ्या दिवसाला लाल गोल केलाय. तेवढा सोडा हं.”

“अगं, निश्चिंत राहा!” म्हणत मामांनी ती खुर्चीमागे टांगली. चित्र झकास होतं, शिवाय भिंतीची ओल बरोबर झाकली गेली. पान उलटायचं तेवढं राहिलं.

वेळापत्रक लागलं आणि मुलगी दारात हजर.

“मामा, प्रात्यक्षिक नेमकं आमच्या दिवशीच आलंय.”

“मग आधी सांगायला काय झालं होतं? चौघांसाठी आठशे जणांना हलवू?”

ती मामांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली आणि गेली.

मामांनी मान वळवली. उठून पानं उलटली. लाल गोल! त्यांची कानशिलं तापली. पण साहेबांना सांगायचं म्हणजे बावीस वर्षांवर पाणी. ‘उद्या सांगू’ करत मामांनी नऊ दिवस ढकलले. घरी बायको म्हणाली, “जेवताना असं चोरासारखं काय बघता?” मामांनी भाजीच्या मिठाला नावं ठेवली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती मुलगी गैरहजर राहिली. म्हणजे वर्ष गेल्यातच जमा. गैरहजरांच्या यादीवर सही घ्यायला मामा साहेबांपुढे उभे राहिले.

“काय ही मुलगी! एका शब्दानं सांगायचं तरी,” साहेब म्हणाले.

मामांच्या हातातून यादी सुटेना. “सांगितलं होतं, साहेब. दोनदा. मलाच.”

साहेबांनी त्यांना उभं-आडवं झाडलं, पण तिची फेरपरीक्षा मंजूर केली. मामा तसेच धापा टाकत वाचनालयात गेले. “पोरी, वर्ष वाचलं तुझं! चूक माझीच होती गं. माफ कर.”

तिनं पुस्तक मिटलं. “मी राहिले घरी, मामा. बाकीचे तिघे वर्ष जाईल म्हणून भीतीनं परीक्षेला बसले. त्यांचा दिवस कोणत्या तारखेला घेणार?”

मामांनी सवयीनं खिशातली डायरी काढली, उघडली आणि तशीच मिटली.