उपद्रवाची नोटीस

"साहेब, मागच्या गल्लीत पाय ठेवाले कोनी तयार नाई," रहीमखाँ जमादाराने हजेरीबुक माझ्यापुढे ठेवलं. चार झाडणाऱ्यांपैकी तिघे तीन दिवसांपासून गैरहजर. चौथी मथुरा हजर होती, पण ती गल्ली सोडून बाकी गाव झाडत होती.

मी तेव्हा सॅनिटरी इन्स्पेक्टर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. गाव वाशीमपासून अर्ध्या दिवसाच्या बैलगाडीवर. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. गावाला सफाई कमिटी होती. गटारं, विहिरीत औषध टाकणं आणि लोकांच्या तक्रारी, एवढं तिचं काम. शेजाऱ्याला त्रास देणारी घाण, धूर, वास, या सगळ्याला ऑफिसात न्यूसन्स म्हणत.

दुपारी कमिटीचे प्रेसिडेंटसाहेब आले. "लोकं मले शिव्या देऊन राह्यले. मानसं काहून पयाले? नवे भरा."

"नवेही पळतील," मी म्हटलं. "आधी कारण काढतो. दोन दिवस द्या."

कारण काढायला दोन मिनिटं लागली. मथुरेलाच विचारलं.

"तुमीच त लिहून देलं साहेब, गिरजाबाईपासून उपद्रव हाये म्हून. शिक्का मारून! मंग आमी लेकराबाळाचे मानसं, कायले जाऊ तिच्या दारात?"

मी डोक्याला हात लावला. गिरजाबाई म्हणजे त्या गल्लीतली एक विधवा, दोन बैलांची शेती असलेली. तिचा उकिरडा शेजारच्या कादरमियाँ शिंप्याच्या भिंतीला टेकला होता. माश्या होतात, अशी त्याची तक्रार. मी नोटीस काढली: 'आपल्यापासून शेजाऱ्यांस उपद्रव होत आहे. तो आठ दिवसांत दूर करावा.' न्यूसन्सला कायद्याच्या मराठीत उपद्रव म्हणतात, आणि माझ्या कचेरीच्या मराठीचा मला भारी अभिमान. त्या गावात मात्र उपद्रव म्हणजे एकच, करणी. बाईला वाचता येत नव्हतं. तिने नोटीस किराणा दुकानात चारचौघांत वाचून घेतली होती.

मी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर बसली होती. उठली नाही.

"सरकारनं मले चेटकीन लिहिलं," ती म्हणाली. "विहिरीवर बाया मले पाहून घागरी उचलतात. सून नातवाले घेऊन माहेरी गेली. आता मी कुठी जाऊ साहेब?"

मला खरंच लाज वाटली. उकिरडा हलवायच्या नादात मी एका बाईलाच गावातून हलवत होतो.

प्रेसिडेंट म्हणाले, "नोटीस गपचूप रद्द करा. कमिटीचं हसं नको."

"गपचूप रद्द केली तर बाई आयुष्यभर चेटकीण राहील. शिक्का मारून लिहिलं, ते गावासमोरच पुसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाण्याच्या वेळेला, विहिरीजवळ दवंडी दिली. मी नवा कागद वाचला, गावच्याच बोलीत: "गिरजाबाईच्या उकंड्याचा वास येते. माश्या होतात. बाईचा काई दोष नाई. पहिला कागद इन्स्पेक्टरनं चुकीचा लिहिला."

कादरमियाँही पुढे झाला. "मी त फक्त माश्याच सांगतल्या होत्या बाप्पा!"

कोणी हललं नाही. गिरजाबाई घागर घेऊन कडेला उभी होती; मी तिच्याकडे पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर प्यालो.

"साहेब बाहेरगावचा," मागून एक म्हातारी बोलली. "त्याले काय होते!"

तेवढ्यात मथुरेने झाडू खाली ठेवला, गिरजाबाईसमोर वाकली आणि ओंजळ धरली. "मले बी वाढ वं पानी."

गिरजाबाईने घाईने घागर तिरकी केली, निम्मं पाणी मथुरेच्या लुगड्यावर सांडलं. मथुरा प्याली, तोंड पुसलं आणि झाडू उचलून ती मागची गल्ली झाडायला गेली. त्या गल्लीत आमचं सगळं ऑफिस जे करू शकलं नाही, ते तिने एका ओंजळीत केलं.

उरलेले तिघे दुसऱ्या दिवशी हजर झाले. चौथ्या दिवशी उकिरडा गाड्यांत भरून बाईच्याच शेतात गेला. पुढे मी नोटिशीत वासाला वास आणि माशीला माशीच लिहिलं. ऑफिसच्या कागदाला हे शोभत नाही, असं प्रेसिडेंट म्हणायचे. म्हणोत.

कमिटीच्या फाइलवर मी 'प्रकरण निकाली' असा शेरा मारला. गिरजाबाईची सून नातवाला घेऊन परत आली, ती त्यानंतर दोन महिन्यांनी.