निंदण न लागणारं कुरण

“मॅडम, तुमची फक्त सही राहिली,” संचालक म्हणाले. टेबलावर चकचकीत माहितीपुस्तिकेचा नमुना होता. मुखपृष्ठावर गाय चक्क हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत ‘मिश्र कुरण: तण नाही, निंदण नाही!’ आणि आत माझा ग्राफ.

मी नागपूरच्या एका चारा संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ आहे. प्रयोग दुसरे करतात, त्यातून काय निघालं ते मी सांगते. काहीच निघालं नाही असं सांगितलं की लोकांना राग येतो.

प्रयोग साधा होता. काही प्लॉटमध्ये नुसतं मारवेल गवत, काहींत नुसता स्टायलो हा शेंगवर्गीय चारा, काहींत दोन्ही मिसळून. प्रत्येक प्लॉटमधलं तण उपटून त्याचं वजन करायचं. मग मॉडेल, म्हणजे एक समीकरण, सांगतं की जोडी जमल्यामुळे तण जास्त दबलं का. दोन जावा एकत्र आल्या की काम जास्त उरकतं की भांडण वाढतं, तसाच हा हिशेब. आम्ही त्याला इंटरॅक्शन म्हणतो.

इंटरॅक्शन एवढं दणदणीत आलं की मलाच शंका आली. मिश्र प्लॉटांत तण जवळजवळ नाहीच. विदर्भात, पावसाळ्यात, गाजर गवत नाही! आमच्या संस्थेच्या जिन्यातसुद्धा उगवतं ते.

म्हणून मी रेसिड्युअल काढले. मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष वजन यांतला फरक म्हणजे रेसिड्युअल. ते फार्मच्या नकाशावर मांडले तेव्हा चित्र उघडं पडलं. रस्त्यालगतच्या ओळीत काहीही पेरलेलं असो, तण कमी. मागच्या ओळींत मिश्रणसुद्धा तणात बुडालेलं. आणि बहुतेक मिश्र प्लॉट रस्त्यालगत होते. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायच्या असतात, पण मिश्रण दिसायला छान म्हणून ते पुढे बसवलेलं.

मी फार्मवर गेले. सुपरिंटेंडेंटना विचारलं, “पुढची ओळ एवढी स्वच्छ कशी?”

“सचिवसाहेब येणार होते ना, मॅडम! पुढचं सगळं निंदून काढलं, चुना मारला. एकदम चकाचक!”

“आणि तणाचं वजन?”

“ते त्याच्यानंतर केलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, अभिमान होता. साहेब येणार म्हणजे निंदायचं, हा आमच्याकडे धर्म आहे. विज्ञान काय, थांबू शकतं.

मी संचालकांना सगळं सांगितलं.

“पण पी-व्हॅल्यू तर आली ना?” त्यांनी विचारलं. मिश्रणाचा काहीच परिणाम नसता तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते सांगणारा हा आकडा. लहान आला की आमच्याकडे पेढे वाटतात.

“आली. पण रस्ता मॉडेलमध्ये घेतला की मिश्रणाचा परिणाम उरत नाही.”

“मग रस्ता काहून घेऊन राहिल्या तुम्ही? पेरला आहे का तो?”

या माणसाच्या नावामागे डॉक्टर लागतं. मी सही केली नाही. पुस्तिकेतून माझं नाव गेलं, ग्राफ राहिला, गाय हसत राहिली.

पुस्तिकेच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात बियाण्याची पहिली पिशवी काटोलकडच्या एका महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष सुमनताईंना दिली. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या.

“मॅडम, तुम्ही आकडेवाल्या ना? आम्ही गावचं अख्खं कुरण मोडून हे पेरून राहिलो. खरंच निंदावं लागत नाही? नाही उगवलं तर आमची जनावरं उन्हाळ्यात काय खातील?”

संचालक दोन हातांच्या अंतरावर फोटो काढून घेत होते. ते ऐकतील अशा आवाजात मी म्हणाले, “निंदावं लागेल. कुरण मोडू नका. एका कोपऱ्यात पेरून पाहा.”

“मंग पुस्तकात काहून लिहिलं?”

“ते मी लिहिलेलं नाही.”

संचालक नंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कामं भराभर उरकली.

पावसाळा सरल्यावर सुमनताईंचा फोन आला. कोपऱ्यात गाजर गवत कमरेएवढं माजलं होतं. बाकी जुनं कुरण मात्र शाबूत होतं, जनावरं चरत होती. आमच्या संस्थेतून कोणी पाहणी करून गेलं आणि अहवालात लिहिलं की शेतकऱ्यांनी शिफारशी काटेकोर पाळल्या नाहीत. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

त्या खळखळून हसल्या. “तुमच्या साहेबाले म्हणा, आधी सांगून आले असते तर आम्हीबी निंदून ठेवलं असतं!”

आता कोणी आकडे घेऊन आलं की मॉडेल नंतर लावते. आधी विचारते, त्या हंगामात पाहुणे कोण कोण येऊन गेले?