किल्ली मुठीत, गाडी चालू

आमची आत्या गाडी चालवायला शिकवते. एकतीस वर्षं झाली. शिकाऊ मंडळी तिला मागून ब्रेकबाई म्हणतात, तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. तिचा पहिला धडा गाडी सुरू करण्याचा नसतो, बंद करण्याचा असतो. किल्ली काढायची, मुठीत धरायची आणि खाली उतरून ती मूठ तिला दाखवायची. "किल्ली मुठीत, गाडी बंद. घोकून ठेव." बँकेचे साहेब म्हणू नका, दातांचे डॉक्टर म्हणू नका, सगळे भर रस्त्यात मुठी दाखवत उभे राहिलेले आहेत.

आतोबाही तिचेच विद्यार्थी. तिने त्यांना दोनदा नापास केलं होतं. नवरा म्हणून काय मार्क वाढवू, असं तिचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी आतोबांच्या बोटांचे सांधे धरले. किल्ली पिरगाळायची म्हटली की तोंड असं करायचे, जणू कुणी लिंबू पिळलंय. मग ते खुर्चीतच रुतले. वाचनालय बंद, बुद्धिबळाचा मित्र बंद. शेवटी आत्या त्यांना शोरूममध्ये घेऊन गेली. तिथला विक्रेता मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाला, "काका, रिमोट नुसता खिशात ठेवायचा. दार तुम्हाला ओळखेल, गाडी तुम्हाला ओळखेल." आत्या म्हणाली, इतकं तर मीही यांना अजून ओळखलेलं नाही. पण घेतली गाडी.

आणि खोटं कशाला बोला, सुख होतं ते. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी दार उघडायचं, गाडी सुरू-बंद करायचं बटण करंगळीनेही दाबलं जायचं. आतोबा पुन्हा बाहेर पडू लागले. इंजिनाचा आवाज तर इतका कमी, की आत्या विचारायची, ही गाडी आहे का मांजर.

एका दुपारी आतोबा वाचनालयातून परतले. गॅरेज घराच्या खालीच आहे, वर त्यांची झोपायची खोली. गिअर पार्कवर टाकला, उतरले, शटर ओढलं, वर जाऊन आडवे झाले. बटण दाबायचं राहिलं. दार उघडताना गाडी टीं टीं करून ओरडली, पण बारीक आवाज आतोबांच्या कानांना कधीचे सोडून गेलेत. आणि रिमोट कितीही लांब नेला तरी सुरू झालेलं इंजिन काही बंद पडत नाही. खाली ते मुकाट चालत राहिलं आणि धूर जिन्याने वर चढत राहिला.

आत्याची तीन वाजताची शिकाऊ मुलगी आजारी पडली म्हणून आत्या लवकर घरी आली. शटर उचललं आणि वास नाकात शिरला. श्वास धरून तिने बटण दाबलं, वर पळाली, खिडक्या उघडल्या आणि आतोबांना काखेत धरून गच्चीत ओढत नेलं. ते बरळत होते. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन लावला. आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो, असं डॉक्टर अगदी हळू म्हणाले. आत्याला ते ऐकू आलं.

ते नीट शुद्धीवर आल्यावर ती झापायला कॉटपाशी गेली. आतोबांनी मास्क बाजूला केला.

"अगं, उतरताना मी बघितलं होतं. रिमोट माझ्या मुठीत होता. तूच शिकवलंयस."

आत्याने मास्क त्यांच्या नाकावर परत बसवला, झापणं राहूनच गेलं. आमच्या घरात असं याआधी कधी झालेलं नाही.

बाबा म्हणाले, ताई, विकून टाक ती गाडी. ती म्हणाली, विकली तर हे परत खुर्चीत जातील. "अर्धी चूक गाडीची, अर्धी माझी. माझी अर्धी मी दुरुस्त करणार."

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. त्याने विषारी धूर ओळखणारा अलार्म दाखवला, तो बारीक वाजला, आत्याने परत केला. मग जाड भोंग्याचा, लुकलुकत्या दिव्याचा बसला. आणि आतोबांची शिकवणी सुरू झाली. गिअर. बटण. समोरचे सगळे दिवे विझले का बघा. बॉनेटवर तळहात ठेवा, थरथर लागते का. शटर दहा मिनिटं अर्धं उघडं. रोज वीस वेळा. आतोबा कुरकुरले, की मी काय नर्सरीत आहे? आत्या म्हणाली, नाही हो, नर्सरीतली मुलं ऐकतात.

संध्याकाळी ती जुन्या वह्या काढून शिष्यांना फोन लावायची. गाडी बटणाची आहे का? आहे? मग मी शिकवलेलं विसर आणि हे लिहून घे. एकाला वाटलं, बाई काहीतरी विकतायत. त्याला तिने पाच पायऱ्या तीनदा म्हणायला लावल्या.

आठवड्याने परीक्षा सुरू झाल्या. आतोबा गॅरेजमध्ये शिरायच्या वेळेला ती मुद्दाम फोन करायची. दूध आणलंत का, चष्मा कुठे ठेवलाय, काहीही. आतोबा बोलत बोलत उतरायचे आणि इंजिन चालूच. खिडकीतून आत्याचा आवाज यायचा, नापास, उद्या परत. असं सहा वेळा झालं. सातव्यांदा आतोबा चिडून म्हणाले, तू फोन करतेस म्हणून चुकतं. ती म्हणाली, जग पण करणारच आहे.

परवा ती एका शिकाऊ मुलीला घेऊन दूर उड्डाणपुलाकडे गेली होती. घरी कुणी नव्हतं. आतोबांची परतायची वेळ झाली तशी तिने मुलीला गाडी कडेला घ्यायला लावली आणि फोन केला. वाजत राहिला. पूर्ण वाजून बंद झाला. आत्याने परत लावला नाही. मांडीवर फोन ठेवून बसून राहिली. मुलगी म्हणते, बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, गाडी उभी असताना.

चार मिनिटांनी फोन आला.

"बोल. बॉनेटवर हात होता, कसा उचलणार?"

"काही नाही," आत्या म्हणाली. मग, "शटर?"

"अर्धं उघडं. इथेच स्टूल टाकून बसलोय."

आत्याने ब्रेकवरचा पाय काढला आणि मुलीला म्हणाली, आरशात बघ, सिग्नल दे, निघ.