समोरचा खिसा

रविवारी सकाळी सातच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. मी मशीनवर बसून लग्नसराईचे ब्लाउज उरकत होते. "बाई, तुमी कोन बोलून राहिल्या?" पलीकडच्या माणसाने विचारलं. "इथं अड्याळच्या अलीकडं पुलियाजवळ सायकलवाली बाई पडली आहे. पाठीवरच्या खिशात चिठ्ठी भेटली, तिच्यात तुमचा नंबर आहे. बाई उठून नाही राहिली." चिठ्ठी मला माहीत होती. नाव, रक्तगट आणि माझा नंबर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. समोरच्या खुंटीवर सुनंदाची दुसरी जर्सी टांगलेली होती, चेन बिघडलेली. मी फोन कानाला लावून तिच्याकडेच पाहत राहिले...

सुनंदा शाळेत शिक्षिका. माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आली आणि मैत्रीण झाली. पन्नाशी उलटल्यावर तिने सायकल घेतली. दर रविवारी पहाटे कारध्याचा पूल ओलांडायचा, अड्याळपर्यंत जायचं आणि जेवणाच्या आत घरी. नागपूरहून आणलेली तिची जर्सी पुरुषी मापाची होती. पाठीवर कमरेशी तीन खिसे, पण मोबाइल टाकला की ते लोंबून सीटला टेकायचे. मी ते उसवून वर घेतले, तोंडाला इलास्टिक लावलं. तेव्हा तिने मला या खिशांचं शास्त्र शिकवलं. उजव्यात सारखं लागणारं, डाव्यात ट्यूब आणि पाने, मधल्यात मऊ काहीतरी, केळं वगैरे. "कडक वस्तू मधात ठेवाची नाही वो, पडलं त मणक्यात घुसते." भाजीच्या भावाबद्दल बोलावं तशी ती पडण्याबद्दल बोलायची.

दिवाळी झाल्यावर एक दिवस तीच जर्सी घेऊन आली आणि छातीवर डाव्या बाजूला बोट ठेवलं. "इथं एक खिसा लाव. दोन बोटांचा."

"कायले? सायकलवाल्याइचे खिसे पाठीवर असतात, तूच सांगतलं न."

"पाठीवरचे सावकाश काढाच्या वस्तूंचे. हा घाईचा."

"कशाची घाई?"

तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. डॉक्टरांनी सायकल सोडायला सांगितलं होतं, हेही तिने सांगून टाकलं. "घरी बोलशील त सायकल जाईन. मंग मी काय करू, सीरियल पाहू?" मी खिसा लावला. चिठ्ठीवर भाऊजींऐवजी, म्हणजे तिच्या नवऱ्याऐवजी, माझा नंबर का, हे त्या दिवशी कळलं. पुढे भाऊजींनी मला बाजारात गाठून विचारलं, "ताई, हिची तब्येत ठीक आहे न? लवकर थकून राहिली." मी ठीक आहे म्हणाले.

आमच्या कामात एक नियम आहे. कपडा हातात आला की आधी खिसे उलटायचे आणि निघेल ते गिऱ्हाइकासमोर परत करायचं. मी आजवर किल्ल्या परत केल्या, बसची तिकिटं परत केली, एकदा एका आजोबांचा दात परत केला. त्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, सुनंदा चेन बिघडलेली जर्सी घेऊन आली तेव्हा टेबलावर नवरीचे पाच ब्लाउज पसरले होते आणि नवरीची मावशी गळ्यावरून भांडत होती. मी जर्सी घेतली आणि खुंटीला अडकवली. खिसे उलटले नाहीत. "रविवारले पाहिजे," ती म्हणाली. मी मान वर न करता म्हणाले, "सोमवारी भेटन. जुनी घालून जा."

"जुनीले समोरचा खिसा नाही."

"मंग एक रविवार पाठीवर ठेव."

ती हसली आणि गेली.

फोन करणारा शेतकरी नंतर दवाखान्यात भेटला. ती पुलियाच्या कठड्यावर बसली होती, तो बांधावरून पाहत होता. पाठीमागे हात नेऊन ती एकेक वस्तू काढून शेजारी मांडत होती. ट्यूब, पाने, केळं, मोबाइल. मग परत तिन्ही खिसे चाचपत होती. "मले वाटलं पंचर काढून राहिली," तो म्हणाला. "म्हनून मी लवकर गेलो नाही."

सुनंदा गेल्यावर दहा दिवसांनी जर्सी खुंटीवरून काढली, चेन बसवायला. सवयीने खिसे उलटले. पाठीचे तिन्ही रिकामे. समोरच्यात पट्टी होती, दोनच गोळ्या कमी झालेल्या. तिला वाटलं असेल पट्टी घरी आहे, किंवा जुन्या जर्सीत टाकली. डॉक्टर म्हणतात, गोळी असती तरी ती वाचली असती का, सांगता आलं नसतं. म्हणोत.

हे छापायला देण्याआधी भाऊजींना दुकानात बोलावून सगळं सांगितलं. बाजारात मी दिलेलं उत्तरही. त्यांनी जर्सी हातात घेतली आणि समोरच्या खिशात दोन बोटं घातली. बराच वेळ तशीच ठेवली. "माप बरोबर आहे," म्हणाले. जर्सी मात्र नेली नाही. खुंटीला परत अडकवली आणि चपला घालून निघून गेले.

ती अजून तिथेच आहे, माझ्या मशीनसमोर. आता कोणताही कपडा आला की मी आधी तो चाचपते, अस्तरापासून शिवणीपर्यंत. बाया हसतात. "काहून वो कुंदाताई, ब्लाउजले कुठं खिसे असतात?"

नसतात. मी तरी चाचपते.