गाण्याचा माइक

ज्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या घशातली गाठ काढली, त्या दिवशी त्यांचा आवाज गेला. कुजबुज उरली. जीव वाचला हे काय कमी आहे, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत राहिले.

नेरूळच्या आमच्या फ्लॅटमधल्या बंद केलेल्या गॅलरीत त्यांचा हॅम रेडिओचा सेट होता. गच्चीवर एरियलची तार होती, तीही सोसायटीशी भांडून बांधलेली. ऑफिसातून आले, चहा घेतला, की ते सेटपुढे बसत आणि पुणे, नाशिक, बेळगावच्या माणसांशी बोलत. त्यातल्या कित्येकांना त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. समोरच्याचा आवाज कसा येतो, त्याला गुण द्यायची या मंडळींची रीत आहे. 'फाइव्ह नाइन' म्हणजे पैकीच्या पैकी. बहुतेक जण सगळ्यांनाच फाइव्ह नाइन देऊन मोकळे होत. हे देत नसत.

"पिंपात बसून बोलताय का राव? आधी तो माइक बदला," असं तोंडावर सांगत. नवीन लोकांना समजावत, की रेडिओला भारदस्त आवाज नको, धार हवी. खर्ज वाटेतच मरतो. टेलिफोनसारखा किनरा वाजणारा माइक असला तरी चालेल, पण शब्द न्‌ शब्द पोचला पाहिजे.

जुना माइक त्यांची कुजबुज उचलेना, म्हणून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार एकेक माइक स्पीकरला जोडून देत होता आणि हे त्यात 'हॅलो, हॅलो' करत होते. एक माइक अगदी त्यांनी सांगितला तसा होता, पत्र्यासारखा वाजणारा, पण शब्द सुटे येत होते. यांनी तो खाली ठेवला.

"साहेब, हा बघा. भजनवाले डोळे झाकून हाच नेतात," दुकानदार म्हणाला.

यांनी तो ओठांना लावला आणि स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. पुरता नव्हे, पण तोच, छातीतून येणारा. माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना जे शिकवलं, ते त्यांना तेव्हा आठवलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांना ते नको होतं. आम्ही तो माइक घेतला.

त्या माइकला पंखाही ऐकू जाई. म्हणून संध्याकाळी पंखा बंद करून ते घामाघूम होत बोलत. सेटमधून उत्तरं येत, "फाइव्ह नाइन, साहेब! एकदम क्लिअर!"

"ऐकलंस? बेळगावसुद्धा," ते आत येऊन मला सांगत. त्या दिवसांत दोन घास जास्त जेवत.

एकदा मी म्हटलं, "अहो, कधी दमलात तर मी सांगत जाईन त्यांना, तुम्ही काय म्हणता ते."

"माझा आवाज तू नको काढूस," ते हसून म्हणाले. "तुला थ्री थ्रीसुद्धा मिळणार नाही."

पुढे दुखणं उलटलं. डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी ते सेटपुढे बसले. पनवेलचे एक मित्र सेटवर भेटले. हे त्यांना म्हणाले, की गाठ परत आली आहे, आता फार दिवस नाहीत, रविवारी घरी येऊन जा. मी दारात उभी होते. मला प्रत्येक शब्द कळला.

"वा, वा! फाइव्ह नाइन!" उत्तर आलं. "तब्येतीला जपा, साहेब."

यांनी माइक आणखी जवळ ओढला. मग सावकाश, एकेक शब्द तोडून त्यांनी विचारलं, "मी आत्ता काय म्हणालो?"

सेटमध्ये नुसती खरखर. मग, "हो, हो. फाइव्ह नाइन. एकदम क्लिअर."

त्यांनी सेट बंद केला.

"अगं, पंखा लाव," ते म्हणाले.

त्यानंतर ते गॅलरीत बसले नाहीत. रविवारी कुणी आलं नाही.

तेरावं झाल्यावर पनवेलचे ते मित्र आले. फार रडले. सेटचं काय करणार, असं त्यांनीच विचारलं. घेऊन जा, म्हटलं. त्यांनी सेट निगुतीने पुसला, वायरी गुंडाळल्या. माइक मात्र हातात घेऊन परत टेबलावर ठेवला.

"हा नको, वहिनी. हा गाण्याचा आहे. याच्यावर शब्द कळत नाहीत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. पण कसं सांगणार? त्यांना वाईट वाटलं असतं."

मी चहा टाकायला उठले होते, ती खाली बसले. ते सेट घेऊन गेले.

माइक माझ्याकडे आहे.