परस्पर दिलेली माफी

मुंजाजीने मला फसवलं. आमच्या भागीच्या दुकानाच्या नावावर त्याने सडकी पेंड विकली, झरी गावातल्या म्हशी मेल्या आणि डाग माझ्या कपाळी लागला. पुढे मुंजाजी मरायला टेकला, तेव्हा सिस्टरनी त्याला परस्पर मोकळं केलं आणि मला दुसऱ्यांदा फसवलं. मुंजाजीबद्दल मला लिहायची हौस नाही. लिहायचंय ते सिस्टरबद्दल, कारण त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

त्यांची एक लकब होती. कुणी काही द्यायला लागलं की उजव्या हाताचा पंजा उलटा करायच्या आणि बोटांच्या पाठीने ती वस्तू हळूच मागे सारायच्या. "झालंय ते. निघा आता." कुणी लिंबं आणायचं, कुणी लुगडं, कुणी नुसतंच पाया पडायला वाकायचं. सगळ्यांना तोच उलटा पंजा. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन त्या परभणीत आमच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या गल्लीत राहायला आल्या होत्या. एकट्याच. इंजेक्शन, मलमपट्टी, अडलेली बाई, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, काहीही असो, गल्ली आधी त्यांच्याकडे जायची.

घासाघीस हा प्रकार त्यांना मुळातच ठाऊक नव्हता. भाजीवालीने सांगितला तो भाव. मला ते बघवायचं नाही. मी पोती उचलत उचलत दुकानदार झालेला माणूस, पहिल्या भावाला मी औषधसुद्धा घेत नाही. एकदा मेथीवालीशी हुज्जत घालून मी त्यांना एका जुडीच्या भावात दोन मिळवून दिल्या. सिस्टरनी शांतपणे एक जुडी परत टोपलीत ठेवली.

"अहो, पडली की पदरात," मी म्हणालो.

"तुमचं बोलून झालं ना, भाऊ? आता मला घरी जाऊ द्या."

मेथीवाली मला म्हणाली, "शेटजी, घसा कोरडा पडला आसंल, पानी देऊ का?" आजूबाजूचे हसले. मी टोपलीला लाथ घालणार होतो, पण सिस्टर बघत होत्या.

माझा रक्तदाब तपासायला त्या दुकानात यायच्या आणि पेंडीच्या पोत्यावर बसायच्या. एकदा त्या दंडाला पट्टा बांधत असताना मी थट्टेने विचारलं, "सिस्टर, तुमच्या देवाकडं काय भाव चाललाय?"

"कशाचा?"

"आत जायचा."

"हात ढिला सोडा." त्यांनी पट्ट्यातली हवा सोडली. मग म्हणाल्या, "तिथं भाव न्हाई. आपण कितीबी चांगलं केलं तरी ते पुरत न्हाई. तो दयेनंच घेतो."

"म्हणजे फुकट?"

"आपल्याला फुकट. त्याला लय महागात पडलं. जीवच द्यावा लागला."

"मग तुम्ही एवढी मरमर कशाला करता?"

"मिळालंय म्हणून करते. मिळावं म्हणून न्हाई."

मी म्हणालो, फुकटचा माल मी दुकानात उतरवून घेत नाही, त्यात कुठेतरी खोट असते. त्या म्हणाल्या, "बीपी वाढलंय तुमचं. लोणचं बंद करा."

मी हसलो, पण ते बोलणं मला झोंबलं होतं. दुष्काळात जनावरांच्या छावणीला मी पेंड पुरवली होती, नफा न घेता. वर गेल्यावर दाखवायला ती मी मनात राखून ठेवली होती. ती तिथे चालत नसेल, तर माझ्यापाशी दुसरं काय होतं? त्या दिवसापासून छातीत जरा कळ आली की मला हाच विचार घाबरवायचा.

आता मुंजाजीचं सांगतो. आम्ही दोघांनी मिळून सरकी-पेंडीचं दुकान टाकलं. पोत्याचं तोंड दाभणाने लाल सुतळीत शिवायचं, ही आमच्या दुकानाची खूण. बाकी सगळ्यांची सुतळी साधी. खेड्यातल्या बाया दुकानाचं नाव न वाचता लाल शिवण बघून पोतं घेत. मी लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेलो होतो. तेवढ्यात मुंजाजीने सेलूकडून पाण्यात भिजलेली, बुरशी धरलेली पेंड उचलली, उन्हात वाळवली, चांगल्या पेंडीत मिसळली आणि लाल सुतळीने शिवून झरीला पाठवली.

मी परतलो तेव्हा म्हशी मेल्या होत्या. मी झरीला गेलो. एका म्हाताऱ्याने मेलेल्या म्हशीचं दावं माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जावा. आता बांधायला काई न्हाई." त्याने शिवी दिली असती तर मी उलटून बोललो असतो. दावं घेऊन मी तसाच उभा राहिलो.

मुंजाजीने लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "तो माल यानंच जायच्या आधी मागवून ठेवला होता." लोकांना ते पटलं, कारण मोंढ्यात चढा आवाज माझा आणि मुंजाजी गोड बोलणारा. झरीकरांची भरपाई झाली, तो विषय मिटला. मी नावाचं बोलतोय. झरीत आजही मला 'म्हशी मारणारा' म्हणतात. त्या वाटेवर माझी गाडी दिसली की बाया वासरं आत घेतात. मला मुंजाजीकडून एकच गोष्ट हवी होती. त्याने झरीच्या लोकांपुढे खरं सांगावं.

काही वर्षांनी मुंजाजीचं लिव्हर गेलं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी रोज दुपारी त्याच्या उशाशी जाऊन बसायला लागलो. लोकांना वाटलं, जुनी दोस्ती. मी त्याच्या भीतीवर नजर ठेवून होतो. समोरचा गरजेला आला की व्यवहार होतो, हे मोंढ्यातलं साधं शास्त्र आहे.

आणि त्याची भीती भयंकर होती. भर दुपारी, दार उघडं, अंगणात ऊन, आणि तो माझं मनगट धरायचा.

"गड्या, आलं का ऐकू? म्हैस धापा टाकायलीय."

"तुझ्या घरी म्हैस न्हाई, मुंजाजी."

"दारातच हाय. उभीच हाय ती."

मी दाराकडे बघायचो. तिथे काही नसायचं, पण त्याच्या बायकोप्रमाणे मीही पाय आवरून बसायचो. तो बायकोला नवस बोलायला लावायचा, गोशाळेला कडबा पाठवायचा, दारावर आलेल्याला जेवू घालायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचा, "आता फिटलं आसंल का?" दुसऱ्या दिवशी भीती आणखी वाढलेली असायची. मी म्हणायचो, "झरीत चल. कबूल हो." तो पांघरुणात तोंड लपवायचा. भीतीने माणूस बोलतो असं मला वाटत होतं. त्याची उलट दातखीळ बसत चालली होती.

सिस्टर त्याच्या पाठीच्या जखमा धुवायला यायच्या. एका दुपारी त्याने त्यांनाच विचारलं, "सिस्टर, किती केलं म्हंजी फिटंल?"

"न्हाई फिटणार," त्या म्हणाल्या.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला बरं वाटलं, कुणीतरी रोखठोक बोललं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुमच्याच्यानं न्हाई फिटणार. माझ्याच्यानंबी न्हाई. म्हणून येशूनं ते आपल्या अंगावर घेतलं. त्याला सांगा, माझ्यापाशी काई न्हाई, दया कर. एवढंच."

"मी तुमच्यातला न्हाई."

"तुमी त्याला हाक मारा. कुणाला घ्यायचं ते तो बघंल."

मुंजाजी पुटपुटला. मग रडला. मग झोपला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो वाटीतून पेज पीत होता. दाराकडे पाठ करून.

मी सिस्टरना अंगणात गाठलं. "म्हशी झरीच्या मेल्या. नाव माझं गेलं. तुमचा देव मधे माफी देणारा कोण?"

"तुमची माफी त्यानं दिलेली न्हाई, भाऊ. ती तुमच्यापाशीच हाय."

"मग याला झोप कशी लागली?"

त्या पट्ट्यांची घडी घालत राहिल्या. हे मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मुंजाजीनेच मला जवळ बोलावलं. "गड्या, म्या केलं ते. भिजकी पेंड म्याच शिवली. मोबाईल काढ, मी बोलतो, तू रेकॉर्ड कर. झरीकरांना ऐकव."

एवढी वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते समोर आलं होतं. पण मोबाईलमधला आवाज कुणाचाही म्हणतील. मला तो बाजाराच्या दिवशी, पारावर, त्या दावं देणाऱ्या म्हाताऱ्यापुढे उभा हवा होता. समोरचा नरम पडला की दोर आणखी खेचायचा असतो. मी म्हणालो, "बाजाराच्या दिवशी. सगळ्यांपुढं. जीपमध्ये आडवा घालून नेतो तुला."

"नेशील तर येतो," मुंजाजी म्हणाला.

सिस्टर दारातून म्हणाल्या, "घ्या ना, भाऊ. देतोय तर."

"मी पहिल्या भावाला घेत नाही, सिस्टर."

मी जीप सांगून ठेवली. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मुंजाजी गेला. चेहरा अंघोळ करून उठल्यासारखा. सगळे त्याच्याकडे बघून रडत होते आणि मला त्या चेहऱ्याची भीती वाटत होती. फसवणारा असा जातो? म्हशी तिथे तडफडून मेल्या आणि हा असा?

कुणी म्हणेल, तुम्हीच ताणून धरलंत. धरलं. ज्याची चीज गेली तो ताणून धरतो. पण आजारी माणूस भीतीपोटी जगतोय आणि भीती गेली की जीव सोडील, हे दवाखान्यात हयात घालवलेल्या बाईला कळायला नको?

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी यायचं टाकलं नाही. पोत्यावर बसायच्या, माझ्या दंडाला पट्टा बांधायच्या, मी भिंतीकडे बघायचो. "लोणचं खाताय," म्हणायच्या आणि जायच्या. मी लोणचं सोडलं, पण त्यांना सांगितलं नाही.

पुढे त्या घरात पडल्या. गल्लीने दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, मग छातीत पाणी झालं. मी गेलो तेव्हा खाटेवर एवढीशी बाई. वॉर्डातल्या नर्स पोरी त्यांना फार जपत होत्या, कारण त्यातल्या दोघींना सुईण म्हणून यांनीच जगात आणलं होतं. मी मोसंबी नेली होती. त्यांचा पंजा उलटा झाला नाही. मोसंबी त्यांनी छातीशी धरून ठेवली, आणि तिथेच माझं काळीज हललं.

"भाऊ, मला भेव वाटायलंय."

"तुम्हाला?"

"लय."

मी इकडे तिकडे पाहिलं. पाळक येऊन प्रार्थना करून गेले होते. आता मीच होतो. "तुम्ही आयुष्यभर लोकांचं केलंत. तुम्हाला कसली भीती?"

"त्याचंच तर भेव हाय. पडल्या पडल्या मनात येतं, मी एवढं केलं, रातीबेराती गेले, संसार न्हाई केला, आता तो मला न्हाई कसा म्हणंल? हे मनात आलं की वाटतं, मी त्याच्या दयेवर कधी टेकलेच न्हाई. आपल्याच कामावर टेकले. आन ते तर पुरत न्हाई."

"मुंजाजीला तर लगेच सांगून टाकलंत."

"त्याला सांगणं सोपं होतं. त्याचे हात रिकामे होते, भाऊ. माझे भरलेत. उघडंना झालेत."

मी माझ्या परीने बोललो. "तो मुंजाजीला घेतो, तर तुम्हाला टाकील काय?"

त्यांनी डोळे मिटले. "असं म्हणू नका. मी मुंजाजीपेक्षा बरी हाय, असं धरूनच बोलायलात तुमी. मीबी तेच धरायले."

मी त्यांचा हात हातात घेतला. थंड होता आणि थरथरत होता. या बाईचं पुरत नसेल तर माझ्या छावणीच्या पेंडीला कोण विचारतो? थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुमी जावा, दुकान उघडं असंल." मी गेलो. दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा खाट रिकामी होती, पोरी चादर बदलत होत्या. शेवटी भीती उतरली का, हे मी प्रत्येकीला विचारलं. एक म्हणाली, झोपेतच गेल्या. दुसरी म्हणाली, ओठ हलत होते, पण ऐकू आलं नाही.

रविवारी मी चर्चच्या दारात उभा राहिलो. उपासना संपवून पाळक बाहेर आले. मला ओळखून म्हणाले, "या, काका, आत बसू." मी म्हणालो, आत नको, इथेच, सगळ्यांपुढे.

मुंजाजीला माझ्या आणि झरीच्या वतीने माफी कुणी दिली, हे विचारायला मी घरून निघालो होतो. तोंड उघडलं तेव्हा दुसरंच निघालं. मी म्हणालो, "पाळकसाहेब, माझं राहू द्या, ते मागून बघू. ज्याने विष विकलं तो निवांत गेला. जिने कुणाचं एक लिंबू घेतलं नाही, ती माझा हात धरून कापत होती. तुमच्या देवाची दया एवढी मोठी आहे, तर ती त्या खाटेपाशी वेळेवर पोहोचली की नाही? मला धीराचं बोलू नका, वर बोट दाखवू नका. त्या भीतीतच गेल्या की त्यातून सुटून गेल्या, तेवढं सांगा. त्याशिवाय मी या दारातून हलणार नाही."